तीनशे तीनची कोरी चिठ्ठी

मुकादम चाचांच्या घरी चहा हवा असेल तर आधी मतदान करावं लागतं.

"आलं की वेलची?" असं तोंडी विचारून ते मोकळे होत नाहीत. त्यांच्या टीव्हीशेजारी खजुराचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. झाकणाला फट पाडलेली, बाजूला सुटकेसचं इवलंसं कुलूप. ते तुमच्या हातात एक चौकोनी चिठ्ठी देतात, डब्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल देतात आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. मत गुप्त असतं. तुम्ही एकटेच पाहुणे असलात तरी गुप्तच असतं. मग त्यांचं मत पडतं, कुलूप निघतं आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या जातात. "आलं, एक. वेलची, एक. बरोबरी." बरोबरी झाली की चहात दोन्ही पडतं.

"निकाल तो निकाल, खलास," असं म्हणून ते गॅस पेटवतात. तोवर माझी चहाची तलफ बहुतेक मेलेली असते.

दुबईच्या करामा भागातल्या या चार मजली इमारतीत मी तीनशे दोनमध्ये राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली. चाचा शेजारी, तीनशे तीनमध्ये. पूर्ण नाव इस्माईल मुकादम, गाव दापोलीजवळचं, दुबईत तेहतीस वर्षं. देऱ्याच्या एका इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात स्टोअरकीपर आहेत. मुलगा टोरांटोला, मुलगी कुवेतला. चाची मी यायच्या वर्षभर आधी वारल्या, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही. मतदानाच्या चिठ्ठ्या दुकानातल्या जुन्या डिलिव्हरी नोटा कापून केलेल्या असतात. आपण वेलचीला मत देतो तेव्हा मागच्या बाजूला कुणाला तरी चाळीस बल्ब पोहोचलेले असतात.

चाचांना मी एकदा शारजात रोल्लाला माझ्या गाडीतून घेऊन गेलो होतो. बरोबर दुसऱ्या मजल्यावरचे दोघे होते. वाटेत चाचा म्हणाले, "ठराव मांडतो. सरळ जायचं की पुढच्या एक्झिटने बाहेर पडायचं?" डबा बरोबर नव्हता म्हणून त्यांनी टोपी काढली. मागच्या सीटवर मतदान झालं, मोजणी झाली, एका मतावर आक्षेप निघाला. एक्झिट बहुमताने निवडून आला तेव्हा तो दोन किलोमीटर मागे गेला होता. पुढे तासभर आम्ही शारजाच्या ट्रॅफिकमध्ये बसून होतो. चाचा मात्र समाधानी होते. निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला होता ना.

"चाचा, हे वेड आलं कुठून?" असं मी एकदा विचारलं.

"गावाला मतदारयादीत नाव होतं माझं. पण मतदानाच्या दिवशी मी गावाला कधी नव्हतोच. सुट्टी शेठ देणार तेव्हा. एकदाही बोटाला शाई लागली नाही आणि माणूस साठीला आला, हे बरं दिसत नाही."

मला ते उत्तर पुरेसं वाटलं. खरं सांगायचं तर मी फार खोलात जाणारा माणूस नाही, थकलेला माणूस आहे. सकाळी सहाला जबल अलीच्या ऑफिसकडे गाडी काढतो, संध्याकाळी साडेसहाला परत येतो. मधले बारा तास लोक मला 'काइंडली कन्फर्म' म्हणून विचारत असतात. घरी आल्यावर मला कुणी काहीही विचारू नये, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा उरलेली आहे. अशा माणसाच्या शेजारी देवाने मुकादम चाचा ठेवले.

जुलै लागला की करामा अर्धा रिकामा होतो. शाळा बंद होतात, बायकामुलं गावाला जातात आणि नवरे मागे उरतात. माझी बायको मेधा आणि नऊ वर्षांची ईशा पुण्याला गेल्या होत्या. फ्रीजमध्ये ब्रेड होता, बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं आणि बाल्कनीत कबुतरं होती.

कबुतरांचं आमच्याकडे बरंच प्रस्थ झालं होतं. एसीच्या बाहेरच्या मशीनमागे त्यांनी संसार थाटले होते. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. माझी गाडी खाली उभी असे तिच्यावर रोज सकाळी नवी नक्षी. शेवटी मालकाच्या ऑफिसातून निरोप आला, की रहिवाशांची तयारी असेल तर सगळ्या बाल्कन्यांना जाळी मारून देऊ. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन रफीक, सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरायला निघाला.

तिसऱ्या मजल्यावर चाचांनी त्याला अडवलं.

"सही म्हणजे मत नव्हे. सही करताना तू समोर उभा असतोस. माणूस लाजेने सही करतो. ठराव मांडतो, चिठ्ठीने मतदान."

त्या संध्याकाळी खाली पार्किंगजवळ सभा भरली. पहिल्या मजल्यावरचे शिरसाट साहेब सर्वांत आधी आले. त्यांची नवी पांढरी गाडी कबुतरांची विशेष लाडकी होती.

"मुकादम, यात मतदान कसलं?" ते म्हणाले. "पक्ष्यांचा प्रश्न आहे, त्यातला माणूस बोलवा, तो सांगेल ते करा. तुमच्या-माझ्यासारख्यांना कबुतरांतलं काय कळतं?"

"राहतंय कोण त्यांच्याबरोबर? आपण. मग ठरवायचं आपणच."

"उद्या झुरळांवर पण मतदान घ्याल."

"झुरळांबद्दल बिल्डिंगमध्ये मतभेद नाहीत, साहेब."

शिरसाट साहेबांचं मला पटत होतं आणि चाचांचंही पटत होतं. उकाड्यात उभं राहिलं की मला सगळ्यांचंच पटतं. सभा लवकर संपावी म्हणून मी चाचांना दुजोरा दिला.

मग नियम ठरले. एका फ्लॅटला एक मत. चिठ्ठीवर दोन चौकोन, 'जाळी हवी' आणि 'जाळी नको', त्यातल्या एकावर फुली. दोनशे चारमधल्या मुलांनी लगेच तक्रार केली. ती नऊ जणं, सगळी बेड-स्पेसवाली, म्हणजे एकेका खाटेपुरतं भाडं भरणारी. "नौ आदमी, एक वोट? ये तो ज्यादती है." चाचांनी डोकं खाजवलं, पण नियम नियम होता. शेवटी दोनशे चारने आपसात वेगळं मतदान घेतलं, त्यासाठी चाचांकडून डबाही नेला. पाच विरुद्ध चार. जाळी. चौघांनी कबुतरांच्या बाजूने दिलेली मतं आत भातासारखी शिजली आणि बाहेर एकच मत आलं.

अकरा फ्लॅट्सना कुलपं होती. ज्या पोरांनी कबुतरांना लाडाची नावं दिली होती ती सगळी कुणी त्रिशूरला, कुणी कराचीला, कुणी पुण्याला आजीकडे. मतदानाला उरलो आम्ही, घामेजलेले, कपडे स्वतः धुणारे नवरे.

मतदानाच्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर गाडीच्या काचेवर ताजा प्रसाद होता. पाणी मारून वर आलो. चाचा जिन्याजवळ डबा घेऊन खुर्चीवर बसले होते, गळ्यात ओळखपत्र लटकवून. ते त्यांनी स्वतःच लॅमिनेट करून आणलं होतं. मी चिठ्ठी घेतली आणि 'जाळी हवी'वर फुली मारली. एक क्षणही विचार केला नाही. मला फक्त आत जाऊन एसी लावायचा होता.

रात्रीच्या जेवणाआधी ईशाचा व्हिडिओ कॉल आला. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"बाबा, डिड यू व्होट फॉर द बर्ड्स?"

"हो," मी म्हणालो.

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"अँड द बर्ड्स? डिड दे गेट अ व्होट?"

मेधाने फोन घेतला म्हणून सुटलो. मुलीशी इतक्या सहज खोटं बोललो याची मला लाज वाटली, पण लाज वाटून घ्यायलाही थोडी ताकद लागते. मी ब्रेड भाजून खाल्ला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. जाळी हवी, दहा. जाळी नको, नऊ. एक मत बाद, कारण कुणीतरी चिठ्ठीवर फुलीऐवजी 'लिफ्ट दुरुस्त करा' असं लिहिलं होतं. म्हणजे वीस. उघडे फ्लॅट एकवीस होते.

"एक कमी कसं?" शिरसाट साहेबांनी विचारलं.

"तीनशे तीनने मत दिलं नाही," चाचा म्हणाले. आणि डबा काखेत मारून वर निघून गेले.

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. कारण अख्ख्या बिल्डिंगमध्ये कबुतरांचं सगळ्यात जास्त करणारा माणूस म्हणजे हेच. दाणे टाकायला मनाई आहे म्हणून ते दाणे टाकत नसत, पण पाण्याचं मातीचं वाडगं रोज सकाळी घासून भरून ठेवत. माझ्या बाल्कनीतून मला ते दिसायचं. त्यांच्या एसीमागे तर घरटंच होतं आणि निकालाच्या आठवड्यात त्यात दोन पिल्लं होती, पिवळट केसांची, अत्यंत कुरूप.

गुरुवारी जाळीवाले आले. मुकादम इक्बाल आणि दोन कामगार. इथून पुढे गोंधळ नको म्हणून त्याला इक्बालभाईच म्हणतो. त्यांनी तळमजल्यापासून सुरुवात केली आणि साडेअकराला तीनशे तीनची बेल वाजवली. चाचांनी त्या दिवशी दुकानातून रजा घेतली होती. दार उघडून त्यांनी तिघांना सोफ्यावर बसवलं.

"काम तो होगा ही. पहले चाय."

मग डबा आला. आलं, वेलची की पुदिना. तिघांना तीन चिठ्ठ्या, एक चाचांची. बहुमत कुणालाच मिळेना. दुसरी फेरी झाली. तोवर साडेबारा वाजले. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे, आणि त्यांची बस तर साडेबारालाच त्यांना दुसरीकडे न्यायला येत असे.

"कानून है," चाचा हळहळून म्हणाले. "अब कल, इन्शाल्ला."

शुक्रवारीही तेच झालं, हे मला रफीकने सांगितलं. शनिवारी मी घरी होतो. सव्वाअकराला चाचांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्या गळ्यात एक ओळखपत्र घातलं. 'निरीक्षक'. त्या दिवशी बिस्किटांचंही मतदान होतं.

आयुष्यभर निकालापुढे मान तुकवणारा हा माणूस निकालाच्या वाटेत चहाचे कप मांडून बसला होता. त्यांना स्वतःलाही ते कळत असावं. चिठ्ठ्या वाचताना त्यांची मान खाली होती, आणि बारा वीसला त्यांनी माझ्या मतावर जो आक्षेप घेतला त्यात काही अर्थ नव्हता.

इक्बालभाई मुरलेला माणूस. त्याने कप खाली ठेवला, उठून बाल्कनीचं दार थोडं उघडलं, एसीमागे डोकावला आणि परत येऊन बसला.

"चाचा, बच्चे हैं अंदर."

चाचांनी बशीतली बिस्किटं सारखी केली.

"तो पहले दिन बोलना था ना. बच्चों के ऊपर हम जाली नहीं मारते. अंदर सड़ जाते हैं, फिर बदबू, फिर कंपनी को फोन. उड़ जाने दो. पंद्रह दिन बाद आ के मार दूँगा."

"लेकिन वोटिंग हुआ है," चाचा म्हणाले. "जाली का फैसला हुआ है."

"हुआ होगा. कब मारनी है, ये पूछा था किसी से?"

कुणालाच विचारलं नव्हतं. चिठ्ठीवर दोनच चौकोन होते. 'हवी, पण पिल्लं उडाल्यावर' असा तिसरा चौकोन काढला असता तर दहातल्या निम्म्यांनी तरी तिथे फुली मारली असती. मी नक्की मारली असती. इतकं भांडण, इतके नियम, दोनशे चारमधली पोटनिवडणूक, आणि उत्तर या माणसाच्या खिशात होतं. शिरसाट साहेब म्हणत होते तो 'त्यातला माणूस' हाच. तो तीन दिवस चाचांच्या सोफ्यावर बसून आलं की पुदिना करत होता.

"चौकोन मी आखले," चाचा मला हळूच म्हणाले. "चूक माझी."

पंधरा दिवसांनी पिल्लं उडाली. इक्बालभाई शब्दाप्रमाणे आला आणि जाळी मारून गेला. त्या दिवशी चाचांनी चहा दिला तो न विचारता.

त्या संध्याकाळी मी त्यांची बेल वाजवली. का, ते नीट सांगता येणार नाही. ऑगस्ट संपत आला होता, ईशा चार दिवसांनी येणार होती आणि येताच बाल्कनीत धावणार होती. तिला खरं सांगायचं तर आधी कुठेतरी सराव करायला हवा होता.

चाचा बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. जाळीच्या आत वाडगं तसंच होतं. भरलेलं.

"चाचा, माझं मत जाळीला होतं."

"माहीत आहे. तुम्ही पेन्सिल इतकी दाबता की कागद फाटतो. चहालासुद्धा."

"मग हे गुप्त मतदान कसलं?"

"गुप्त म्हणजे मी कुणाला सांगत नाही."

मी खाली बसलो. "तुम्ही दिलं असतं तर दहा-दहा झाले असते. तुम्हाला एवढी आवडतात, आणि तुम्हीच मत दिलं नाहीत."

"मला? मला कबुतरं अजिबात आवडत नाहीत," चाचा म्हणाले. "घाण जात. मला त्यांनी खोकला होतो. वाडगं जुबेदाचं होतं, तुमच्या चाचीचं."

मग त्यांनी टीव्हीमागून एक चिठ्ठी काढून मला दिली. तीनशे तीनची. दोन्ही चौकोन कोरे.

"आमच्या घरात चार मतदार होते," ते सांगू लागले. "पोरं लहान होती, रोज भांडणं. जुबेदाने हा डबा केला. म्हणाली, ओरडायचं नाही, चिठ्ठी टाकायची. नंतर पोरं गेली, आम्ही दोघं राहिलो. दोघांचं कधीच जमलं नाही. ती भात म्हणणार, मी भाकरी. ती म्हणणार कबुतरांना राहू दे, मी म्हणणार हाकल. दोन मतं, रोज बरोबरी. तिचा नियम होता. खाण्यात बरोबरी झाली तर दोन्ही करायचं. बाकी कशात झाली तर आहे ते तसंच राहू द्यायचं."

"म्हणून पाणी ठेवता?"

"ठराव बदलला नाही ना. ती गेली आणि मला बहुमत मिळालं. असलं बहुमत घेऊन मी काय करू?"

मी कोरी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"एका फ्लॅटला एक मत, हा नियम मीच केला," ते चिठ्ठी परत घेत म्हणाले. "माझं टाकलं असतं तर ती हरली असती. तिचं टाकलं असतं तर ते बोगस मतदान. म्हणून कोरी ठेवली. आणि बघा, एका मताने हरली शेवटी."

बाहेर एक कबुतर कठड्यावर येऊन बसलं, जाळीला चोच लावून पाहिली आणि उडून गेलं. चाचा खोकले. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि त्या एका फुलीसाठीही, जी मी एसीच्या घाईत मारली होती.

थोड्या वेळाने ते उठले. "जेवून जा. काय आहे तुमच्याकडे, ब्रेडच ना? कोलंबीचं कालवण सकाळचं आहे. भाकऱ्या टाकतो."

"भाकरीच?"

"तीन वर्षं भाकरीच निवडून येते," ते म्हणाले. "एकमताने."

मी टीव्हीजवळ गेलो, डबा उचलला आणि त्यांच्यासमोर टेबलावर आणून ठेवला.  त्यांनी खिशातून किल्ली काढली, एक चिठ्ठी मला दिली, एक स्वतः घेतली आणि नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कोलंबीच्या कालवणाबरोबर मला भाकरी हवी होती. चाचांच्या हातची तांदळाची भाकरी फार चांगली होते. मी पेन्सिल घेतली आणि कागद फाटेपर्यंत दाबून 'भात' लिहिलं.

त्यांनी कुलूप काढलं. पहिली चिठ्ठी उघडली. "भाकरी, एक." दुसरी उघडली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"भात, एक," ते म्हणाले. "बरोबरी."

मग त्यांनी ओट्यावर तांदळाचा डबा काढला आणि त्याच्या शेजारी पिठाचाही.